सहाव्या मजल्यावरची शेती

मंडळी, चीनमधल्या आमच्या हूचौ शहरात चिखलात पाय न घालता शेती करणारा पहिला माणूस कोण, असं कुणी विचारलं तर बेधडक माझं नाव सांगा. फान चिंगचौ! नोकरी बस कंपनीत, वेळापत्रकं लावायची. जमीन नखाएवढीही नाही. आणि शेती? सहाव्या मजल्यावर, पाहुण्यांच्या खोलीत!

हसू नका. २०२१ सालच्या त्या वसंतात निम्मं शहर याच नादाला लागलं होतं. एक नवं आभासी नाणं निघालं होतं. जुन्या नाण्यांसाठी म्हणे यंत्रं दिवसरात्र गणितं सोडवत बसायची आणि वीज घटाघटा प्यायची. या नाण्याला तसलं काही नको. याला हवी फक्त जागा, हार्ड डिस्कवरची रिकामी जागा! डिस्क आकड्यांनी काठोकाठ भरायची आणि स्वस्थ बसायचं. थोड्या थोड्या वेळानं जगभरासाठी एक सोडत निघते. त्या सोडतीशी तुमच्या डिस्कमधले आकडे जुळले की नाणं तुमचं. डिस्क जितक्या जास्त, तितकी आशा मोठी. आणि गंमत अशी की हे काढणाऱ्यांनी याला खाणकाम न म्हणता चक्क 'शेती' म्हटलं होतं. आकड्यांच्या एकेका गठ्ठ्याला 'प्लॉट'. डिस्क भरली की संगणकाच्या पडद्यावर अक्षरं उमटायची, 'शेती चालू आहे'. ती वाचताना मला असं वाटायचं की आता डोक्याला फडकं गुंडाळून बांधावर उभं राहावं!

आमच्या सौभाग्यवतींना मात्र काही वाटत नव्हतं. मिन दातांच्या दवाखान्यात काम करते. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपणच बोलत राहायचं, ही तिची रोजची सवय.

"नक्की काय पिकतं यात?" तिनं विचारलं.

"नाणं."

"आलं एखादं?"

"अगं, पेरणी चालू आहे अजून!"

"आणि डिस्कमध्ये भरलंयस काय?"

"आकडे."

"कसले?"

"कसलेच नाहीत. कुणाच्या उपयोगाचे नाहीत. फक्त जागा भरायची."

मिननं दारातून खोलीकडे पाहिलं. पाहुण्यांचा पलंग भिंतीला टेकवून उभा केलेला. मांडणीवर डिस्कच डिस्क. काही नव्या, बऱ्याचशा कोपऱ्यावरच्या कॅमेरेवाल्याकडून आणलेल्या जुन्या, कारण बाजारात नव्या डिस्क दृष्टीलाही पडत नव्हत्या. समोर दोन टेबलफॅन भिरभिरतायत.

"म्हणजे," ती म्हणाली, "माझ्या बाबांनी राहायला यायची खोली अडवून तू तिथं 'काहीच नाही' साठवून ठेवलंयस. आणि वर त्याला वारा घालतोयस!"

द्रष्ट्या माणसाला घरात कोण विचारतं?

आणि नेमका त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. बाबा म्हणजे माझे सासरे, नाव ये बाओकन. सारा जन्म शेतात गेलेला माणूस. काही वर्षांपूर्वी त्यांचं अख्खं गाव कारखान्यांच्या वसाहतीत गेलं आणि गावकऱ्यांना उंच इमारतींत फ्लॅट मिळाले. फ्लॅट छान आहेत, लिफ्ट आहे, नळाला गरम पाणी आहे. पण बाबा दिवसभर बाल्कनीत बसून आपल्या कुदळीला धार लावत असतात. कुदळीला काम नाही, तरी धार लावतात. शेजारच्या बाल्कनीतही तोच आवाज येतो, आणि त्याच्या पलीकडच्याही.

"काय म्हणताय जावईबापू? काय चाललंय सध्या?" बाबांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून ते फोनवर सबंध इमारतीशी बोलतात.

"बाबा, शेती सुरू केलीय!" मीही ओरडलो.

पलीकडून सावकाश प्रश्न आला, "शेती? तुम्ही?"

"हो तर! प्लॉटवर प्लॉट चाललेत."

"जागा कुठून मिळाली?"

"मिळेल तिथून उचलली. काही नवी, काही दुसऱ्यांनी वापरलेली."

"आहे कशी?"

"आधी सगळी साफ करून घेतली. आता भरगच्च केलीय."

"आणि पाणी?"

"पाणी अजिबात नको, बाबा! उलट पाण्यापासून जपावं लागतं. हवा तेवढी खेळती पाहिजे."

"कोरडवाहू," बाबा स्वतःशीच पुटपुटले. मला वाटलं, काय माणूस आहे! या वयात नव्या तंत्राची एवढी बारकाईनं चौकशी!

"माणसं लागतात का?"

"माणसं? येतील तितकी हवीत!" मी ऑफिसातल्या चार जणांना सोबत घ्यायच्या विचारात होतो, म्हणून उत्साहानं बोलून गेलो.

"मग शनिवारी येतो."

"या की! मिनला सांगतो, मासा करेल."

फोन ठेवला. बघा, मी एक शब्दही खोटा बोललो नव्हतो. त्यांनीही सरळच ऐकलं होतं. आणि तरी तिथून पुढं जे झालं ते झालं!

शनिवारी सकाळी इमारतीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याचा फोन.

"फान साहेब, ताबडतोब खाली या. तुमच्या नावानं माणसं आलीत. हत्यारं आहेत त्यांच्याकडं!"

"कसली हत्यारं?"

"कुदळी! खुरपी! एक कोयता पण आहे! आणि एका बाईंच्या हातात झाकलेली टोपली आहे, आत काय आहे ते सांगत नाहीत!"

मी सपातांवरच धावलो. फाटकाशी बाबा उभे. नवी निळी टोपी, खांद्यावर कुदळ, दाढी गुळगुळीत. इतके ताठ उभे होते की क्षणभर मी ओळखलंच नाही. मागं त्यांचे जुने गावकरी, सहा-सात म्हातारे-म्हाताऱ्या, सगळे गमबुटांत. टोपली शेन मावशींची होती. बाबांच्या जुन्या शेजारीण, गावात जिभेच्या धारेसाठी प्रसिद्ध.

"जावईबापू," बाबा म्हणाले, "माणसं लागतात म्हणालात ना? आणली. आणखीही यायला तयार होती, पण बसमध्ये कुदळी मावेनात."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोंड उघडणार एवढ्यात मागून किंकाळी आली.

"थांबा! कुणी एक पाऊलही हलायचं नाही!"

रहिवासी समितीच्या काओबाई! दंडावर लाल फीत, हातात कर्णा. या बाईंचा जगात एकच शत्रू, तो म्हणजे आवारातल्या हिरवळीत भाजी लावणारा म्हातारा माणूस. मागच्या वर्षी कुणीतरी गुलाबांच्या आडोशाला लसूण लावला होता, तर बाईंनी तो स्वतः उपटून सूचनाफलकावर टाचला होता. आणि आज त्यांच्या फाटकात कुदळींची फौज! बाई हात पसरून हिरवळीपुढं उभ्या राहिल्या.

"इथलं एक ढेकूळ जरी हललं ना..."

"तुमच्या हिरवळीत काय करायचंय आम्हाला?" शेन मावशी म्हणाल्या. "बोट घालून बघितलं मी मघाशी. असल्या मातीत मुळा पण लाजून वर येणार नाही."

"मग कुदळी कशाला?"

"शेतीला," बाबा शांतपणे म्हणाले. "आमच्या जावयाची शेती आहे इथं."

"कुठं?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. काय सांगणार? माझं बोट आपोआप वर गेलं.

"सहाव्या मजल्यावर."

काओबाईंचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "सहाव्या मजल्यावर माती चढवलीत? पाचव्यावरच्या लोकांच्या डोक्यावर? अहो, छत खाली येईल!" आणि त्या लिफ्टकडं धावल्या. त्यांच्यामागं मी, माझ्यामागं गमबूट. लिफ्टमध्ये कुदळींचे दांडे तिरके, आम्ही त्याहून तिरके. शेन मावशींची टोपली माझ्या बरगडीत. आत पानात बांधलेले चिकट भाताचे मोदकाएवढे गोळे होते, अजून गरम! दुपारी शेतात बसून खायला आणले होते.

दार मिननं उघडलं. बाबा, काओबाई, गावकरी, आणि मधे चेंगरलेला नवरा बघून तिनं फक्त एवढंच विचारलं, "मासा एकच आहे. पुरवायचा कसा?"

काओबाई थेट खोलीत घुसल्या. माती नव्हती. मांडणीवर दिवे लुकलुकत होते. बाई एक पाऊल मागं सरल्या.

"फान साहेब," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "ही त्या नाण्यांची खाण तर नव्हे ना? बंदी येतेय म्हणतात त्याच्यावर. माझ्या इमारतीत खाणकाम चालणार नाही!"

"छे छे! खाण कसली? शेती आहे ही!"

"शेतीच!" मागून सगळे एका सुरात ओरडले. "फोनवर स्वतः म्हणाले ते!" आणि मग त्यांचं लक्ष मांडणीकडं गेलं.

एकेक जण आत आला. गमबूट घातलेली ती माणसं त्या काळ्या डब्यांसमोर अशी उभी राहिली, जणू परक्या माणसाच्या घरी चुकून शिरलीयत. बाबांनी टोपी काढली. घडी केली. पुन्हा उलगडली.

"जावईबापू, हेच का प्लॉट?"

"हो, बाबा."

"यात काय लावलंय?"

"आकडे."

"कशाचे?"

"कशाचेच नाहीत. नुसते भरायचे."

"आणि भरले की?"

"की थांबायचं. नशिबात असेल तर येतं काहीतरी."

बाबांनी मान हलवली. त्यात राग नव्हता, चेष्टा नव्हती. राग आला असता तर बरं झालं असतं, मंडळी. ते उभ्या पलंगाला हात टेकून म्हणाले, "आमचंही तेच आहे की. जागा भरलीय आणि थांबलोय." मग गावकऱ्यांकडं वळून जरा मोठ्यांदा म्हणाले, "माझं ऐकण्यात चुकलं. काम आहे म्हणून सांगितलं तुम्हा सगळ्यांना. पहाटेपासून बूट घालून बसायला लावलं. माफ करा."

मला खोलीच्या फरशीत शिरावंसं वाटलं. शिरलो असतो तर काओबाईंनी गळतीची तक्रार केली असती!

"माफ कसली करायची?" शेन मावशी कडाडल्या. "घरी बसून काय पिकवणार होतो? गप्प राहा जरा. ऐकू द्या."

"काय?"

"ऐका तर."

मी घाबरून टेबलफॅन बंद केले. डिस्क भरत होत्या. आतल्या सुया फिरत होत्या, कुरूकुरू, कुरूकुरू. एक थांबली की दुसरी, मग सगळ्या मिळून.

"रेशीमकिडे," मावशी म्हणाल्या. "मोठे झाले की तुतीची पानं अशीच खायचे. हाच आवाज."

कुणी हसलं नाही. एक म्हातारबुवा डोळे मिटून उभे राहिले. बाबांची मान किंचित कलली. चांगल्या कानाची बाजू त्यांनी मांडणीकडं केली होती. त्यांच्या गावात वसंतात घरोघरी किडे असायचे, अंगणात, ओसरीवर, पलंगाखालीसुद्धा. त्या दिवसांत मुलांना मोठ्यानं बोलायची बंदी असायची, हे मिननं मला कधीतरी सांगितलं होतं. आता तीही हातातला झारा तसाच धरून दारात उभी होती. आणि काओबाई? कर्णा छातीशी धरून त्या कुजबुजल्या, "माझी आई आम्हाला मासासुद्धा तळू द्यायची नाही. किड्यांना वास सहन होत नाही म्हणून."

मी आठवडेच्या आठवडे त्या खोलीत बसत होतो. पडद्याकडं बघत. तो आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

पण आवाज ऐकून पोट भरत नाही की कुदळ मळत नाही. मिननं सगळ्यांना भाजक्या हिरव्या सोयादाण्यांचा चहा दिला. काओबाईंनी खोलीत माती नसल्याची स्वतः वाकून खात्री केली आणि डिस्क लवकर हलवा म्हणून मला बजावलं. मग मी म्हातारमंडळींना पोचवायला निघालो. वेळापत्रक मीच लावलेलं, त्यामुळे बस कधी येणार एवढं तरी मला ठाऊक होतं.

बस निघाली. शहर सुटलं, कालवा आला, आणि कालव्यापलीकडं तुतीची एक बाग दिसू लागली. फळं लगडलेली, काळी पडायला लागलेली. पण खाली गवत गुडघ्याएवढं!

"बघवत नाही!" एक म्हातारबुवा खिडकीला नाक लावून म्हणाले.

"कुणाची आहे ही? झोपलेत काय मालक?"

"मुळं गुदमरत असतील हो!"

पाहता पाहता सगळी बस एका बाजूला कलली. आणि टिंग! बाबांनी घंटी वाजवली होती.

"बाबा, आपला थांबा अजून पुढं आहे."

"माहितीय," असं म्हणून ते उतरलेसुद्धा.

पाठोपाठ सगळे उतरले. मी रस्त्यावरून ओरडतोय, "अहो, परक्याची जमीन आहे! पोलीस येतील!" तर शेन मावशी बांध ओलांडता ओलांडता म्हणतायत, "तण काढणाऱ्याला धरून नेणारा पोलीस मला बघायचाच आहे!"

बाबांनी न सांगता ओळी वाटून दिल्या. मलाही एक दिली, कडेची. मग त्यांनी कुदळ उचलली. मंडळी, मी या माणसाला इतकी वर्षं ओळखतो. जेवताना त्यांचा हात थरथरतो, चहा बशीत सांडतो. त्या ओळीत तो हात एकदाही थरथरला नाही. कुदळ पडायची, उठायची, गवत मुळासकट बाजूला व्हायचं. मधेच एक ढेकूळ उचलून त्यांनी चुरगळलं, हुंगलं आणि खिशात टाकलं! मी पाहिलं नाही असं त्यांना वाटलं. मीही तसंच वाटू दिलं.

आणि मग मलाही चेव आला. बोटाला फोड आला, कंबर बोंबलायला लागली, पण हटलो नाही. जे हिरवं दिसेल ते उपटत सुटलो!

बरीच ओळ मागं पडली असेल, तेव्हा बांधावरून विजेची स्कूटर उडत आली. वर एक तरुण बाई, हातात पाना. "चोर! माझी तुती! एकालाही सोडणार नाही!"

मग तिनं ब्रेक दाबला. पुढं बघितलं, मागं बघितलं. मोकळ्या झालेल्या ओळी, बाजूला नीट रचलेले गवताचे ढीग, आणि एकाही झाडाचं एकही फळ तोडलेलं नाही.

"हे... तुम्ही केलंत?"

"बसमधून जात होतो," बाबा संकोचून म्हणाले. "राहवलं नाही. मजुरी नको. एवढी ओळ पुरी करू द्या, म्हणजे जातो."

बाई मटकन बांधावर बसली. नाव थांग यी. शहरातली नोकरी सोडून तिनं ही बाग भाड्यानं घेतली होती. आठवड्यावर फळतोडणी आलेली आणि माणूस मिळत नव्हता, सगळे कारखान्यात. "मी कालपासून फोन करतेय सगळीकडं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "आणि तुम्ही बसमधून उतरलात!"

शेन मावशींनी टोपलीवरचं फडकं काढलं आणि एक भाताचा गोळा तिच्या हातात ठेवला. "आधी खा. रिकाम्या पोटी मालकीण नीट शिव्यासुद्धा देऊ शकत नाही."

तिथंच, खाता खाता, ठरलं. तोडणीला सगळ्यांनी यायचं. त्यानंतर छाटणी. ज्यांना रोज जमणार नाही त्यांनी जमेल तसं. शेवटच्या चार ओळींत काय लावायचं ते बाबांनी ठरवायचं. बाबांनी टोपी घातली, सरळ केली, आणि पुन्हा एकदा सरळ केली.

मी बोटावरचा फोड दिसेल अशा बेतानं हात पुढं केला. "आणि मी? शनिवार-रविवार मोकळाच असतो."

थांग यी माझ्याकडं बघून गोड हसली. मग तिची नजर माझ्या ओळीवर गेली. ती उठली, वाकली, माझ्या ढिगातून एक रोप उचललं. मग दुसरं. मग मूठभर.

"ही कडेची ओळ कुणी केली?"

सगळ्यांची बोटं माझ्याकडं वळली. सासऱ्यांचंसुद्धा!

"हा भुईमूग होता," ती म्हणाली. "माझा. गेल्या महिन्यात लावलेला."

नाण्याचं म्हणाल, तर ते काही आलं नाही. उन्हाळ्यात सगळ्या डिस्क पुन्हा त्या कॅमेरेवाल्याकडं गेल्या. पाहुण्यांचा पलंग खाली आला. तोडणीच्या दिवसांत बाबा त्यावर झोपायचे आणि सकाळी उशीवर तुतीचे जांभळे डाग पाडून जायचे. मिन एरवी चहाच्या एका डागावर उपदेशाचा तास घेते, पण ती उशी तिनं कितीतरी दिवस धुवायला टाकली नाही.

मी दर शनिवारी बागेत जातो बरं का! मलाही काम दिलंय. सगळ्यांचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या सावलीत सांभाळायच्या. परवा जरा मदत करावी म्हणून मी नुसता उठून उभा राहिलो, तर पार पलीकडच्या बांधावरून थांग यीची हाक आली,

"फान साहेब, बसा! बसा तुम्ही! छान चाललंय तुमचं!"